एकाच खान्यावर विसंबू नका : संगणकाच्या वहीत बिल कसे शोधावे?

आपल्यापैकी अनेक व्यापारी आणि कारखानदार बंधूंच्या पेढीवर आज लाल कापडी बांधणीची वही कपाटात गेली आहे आणि तिची जागा संगणकाने घेतली आहे. कोणी तयार सॉफ्टवेअर घेतले, तर कोणी मुलाला किंवा भाच्याला बसवून एक्सेलच्या शीटमध्ये खाती मांडून घेतली. यात गैर काही नाही. बेरीज चुकत नाही, कागद वाचतो, वर्षाच्या शेवटी कर सल्लागाराकडे गाठोडे न्यावे लागत नाही. पण वही बदलली तरी वहीत शोधण्याची आपली सवय जुनीच राहिली आहे आणि घोटाळा तिथेच होतो. हा घोटाळा केवळ पैशाचा नसतो. ज्याचा हक्क आपल्या चुकीने अडकतो, त्याच्या मनातून आपण उतरतो. आम्ही स्वतः ही चूक केली आहे, म्हणून हा विषय आज या पानावर मांडत आहोत.

आमचा धंदा ग्रे कापडाचा. मालेगाव आणि भिवंडी येथील लहान माग मालकांकडून आम्ही माल उचलतो. काही वर्षांपूर्वी चार मागांचे एक वयस्कर मालक संध्याकाळी आमच्या पेढीवर आले आणि म्हणाले, "शेठ, ११८ नंबरचे बिल राहिले आहे." आमच्या मुलाने संगणकावर कंट्रोल आणि एफ ही बटणे दाबली, ११८ लिहिले, आणि पडद्यावर ओळ आली. तिच्यात रक्कम अदा केल्याची तारीख होती. आम्ही म्हणालो, "चाचा, ते तर कधीच अदा झाले. हे बघा." ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुमच्या मशीनमध्ये असेल शेठ, माझ्या हातात आलेले नाही." आणि सलाम करून निघून गेले.

तीन दिवसांनी दुसऱ्या कामासाठी शीट खालपर्यंत पाहताना आमच्या लक्षात आले की तिच्यात ११८ नंबरची बिले दोन आहेत. वरचे ११८ भिवंडीच्या एका पार्टीचे होते, ते खरोखर अदा झाले होते. खालचे ११८ चाचांचे होते आणि त्याच्यापुढचा तारखेचा खाना रिकामा होता. आम्ही रक्कम घेऊन स्वतः त्यांच्या कारखान्यावर गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. पण जुने दिवस असते तर पैसे न मोजता खिशात घातले असते. त्या दिवशी त्यांनी बिलाची प्रत पुढे केली आणि त्यावर आमची सही मागितली. त्या सहीची बोच अजून गेलेली नाही.

चूक कुठे झाली?

चूक संगणकाची नव्हती. आम्ही त्याला विचारले, "११८ कुठे आहे?" त्याने पहिले ११८ दाखवले. आम्हाला विचारायचे होते, "या पार्टीचे ११८ कुठे आहे?" हा प्रश्न एका खान्याचा नाही, शेजारच्या दोन खान्यांचा आहे. संगणकाच्या भाषेत ज्याला सेल म्हणतात त्याला आम्ही या लेखात खाना म्हणू. आडवी ती ओळ आणि उभा तो रकाना.

जुन्या वहीत हा घोटाळा सहसा होत नसे, कारण तिथे प्रत्येक पार्टीचे पान वेगळे असे. पान उघडले की पार्टी आपोआप ठरली, मग फक्त बिल नंबर पाहायचा. शीटमध्ये सगळ्या पार्ट्या एकाखाली एक येतात. डोळा वाचतो तेव्हा पूर्ण ओळ एकदम वाचतो, पण संगणकाची शोधण्याची साधी सोय एका वेळी एकच खाना वाचते. तुम्ही शोधाच्या चौकटीत पार्टीचे नाव आणि बिल नंबर एकत्र लिहिले तर तो सांगेल की असे काही नाही. खरेच आहे, कारण दोन्ही गोष्टी एकाच खान्यात लिहिलेल्या नाहीत.

दुसरी गोष्ट, ११८ शोधले की ही सोय ११८० आणि २११८ सुद्धा दाखवते. शोधाच्या खिडकीत ऑप्शन्स उघडून पूर्ण खाना जुळला पाहिजे अशी खूण केली तरच ती फक्त ११८ वर थांबते. ही खूण आमच्या पाहण्यात फारच थोडे लोक करतात.

आधी ओळख पक्की करा

शोधण्यापूर्वी ठरवावे लागते की एका बिलाची पक्की ओळख कशाने होते. जीएसटीचा नियमच याचे उत्तर देतो. बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येऊ नये, असा नियम आहे. पण हा नियम प्रत्येक विक्रेत्याच्या स्वतःच्या बिलांपुरता आहे. म्हणजे दहा पार्ट्यांची दहा ११८ असू शकतात, आणि त्याच पार्टीचे ११८ पुढच्या एप्रिलनंतर पुन्हा येऊ शकते. म्हणून बिलाची ओळख तीन गोष्टींनी होते : पार्टी, बिल नंबर आणि वर्ष. प्रत्येक वर्षाची शीट वेगळी ठेवली तर दोन गोष्टी पुरतात.

पार्टीसाठी नाव वापरू नका. आपल्याकडे एकाच नावाचे चार जण एका गल्लीत असतात, आणि तेच नाव कधी पूर्ण लिहिले जाते, कधी आखूड. जीएसटी नंबर असेल तर तो सर्वांत चांगला. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो आणि त्याच्या पोटात पार्टीचा पॅन असतो. अनेक लहान माग मालकांकडे हा नंबर नसतो. अशांना आपण स्वतःचा एक कोड द्यावा. आम्ही मालेगावच्या पार्ट्यांना एम०१, एम०२ आणि भिवंडीच्या पार्ट्यांना बी०१, बी०२ असे कोड दिले आहेत.

आता समजा शीट अशी आहे : ए रकान्यात पार्टी कोड, बी मध्ये बिल नंबर, सी मध्ये बिलाची तारीख, डी मध्ये रक्कम आणि ई मध्ये अदा केल्याची तारीख. पुढील सूत्रे वाचकांच्या सोयीसाठी नागरीत दिली आहेत. संगणकावर अक्षरे व आकडे इंग्रजीत टाइप करावेत. बरोबरचे चिन्ह देऊन नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाइप केली की एक्सेल स्वतःच नावांची यादी समोर धरते.

पहिली रीत : मोजून पाहा

=काउंटइफ्स(ए२:ए१०००,"एम०७",बी२:बी१०००,११८)

याचा अर्थ असा, की ज्या ओळीत ए रकान्यात एम०७ आहे आणि त्याच ओळीत बी रकान्यात ११८ आहे, अशा ओळी किती ते मोज. उत्तर १ आले तर नोंद आहे आणि एकच आहे. उत्तर ० आले तर नोंद नाही किंवा लिहिण्यात चूक आहे. उत्तर २ आले तर तेच बिल दोनदा चढले आहे, म्हणजे पैसे दोनदा जाण्याचा धोका आहे. दोन्ही रकान्यांची लांबी सारखीच द्यावी. एक १००० पर्यंत आणि दुसरा ९०० पर्यंत दिला तर सूत्र चालत नाही. ही सोय एक्सेलमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे जुन्या संगणकावरही बहुधा मिळेल.

सगळी दुबार बिले एकदम पाहायची असतील तर एका मोकळ्या रकान्यात दुसऱ्या ओळीत हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढावे :

=काउंटइफ्स(ए$२:ए$१०००,ए२,बी$२:बी$१०००,बी२)

जिथे १ पेक्षा मोठा आकडा येईल ती ओळ तपासावी. डॉलरचे चिन्ह विसरू नका. ते नसेल तर सूत्र खाली ओढताना शोधाची हद्दही खाली सरकते आणि वरच्या ओळी सुटतात.

रक्कम हवी असेल तर काउंटइफ्सच्या जागी समइफ्स घ्यावे आणि कंसात सर्वांत आधी रकमेचा रकाना द्यावा. मात्र लक्षात ठेवा, बिल दोनदा चढले असेल तर समइफ्स दोन्ही रकमांची बेरीज देते, आणि बिल मुळीच नसेल तर ० देते. हा शून्य "काही देणे नाही" असा वाचू नये. आधी मोजावे, मग रक्कम पाहावी.

दुसरी रीत : दोन खाने जोडून एक करा

एफ रकान्यात दुसऱ्या ओळीत लिहावे :

=ए२&"|"&बी२

म्हणजे "एम०७|११८" असा एक जोड तयार होतो. तो खालपर्यंत ओढावा. आता दोन खान्यांची ओळख एका खान्यात आली आणि साधी शोधाची सोयही कामाला येते. फक्त कंट्रोल-एफच्या खिडकीत "लुक इन" या ठिकाणी फॉर्म्युलाज् ऐवजी व्हॅल्यूज् निवडावे, नाहीतर संगणक खान्यात दिसणारे उत्तर सोडून मागचे सूत्र वाचतो आणि काहीच सापडत नाही.

मधली उभी रेघ कशाला, असे कोणी विचारेल. समजा पार्ट्यांना नुसते आकडे दिले आहेत. पार्टी १ चे बिल १२ आणि पार्टी ११ चे बिल २, दोघांचा जोड ११२ होतो. रेघ दिली की १|१२ आणि ११|२ वेगळे राहतात. एवढ्याशा रेघेने दोन माणसांचे खाते एकमेकांत मिसळत नाही.

जोडावरून अदा केल्याची तारीख आणण्यासाठी :

=एक्सलुकअप("एम०७|११८",एफ२:एफ१०००,ई२:ई१०००,"नोंद नाही")

ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट ३६५ आणि एक्सेल २०२१ मध्ये ती आहे. लिबरऑफिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यातही २०२४ च्या २४.८ आवृत्तीपासून ती आली आहे. बिल असून तारखेचा खाना रिकामा असेल तर उत्तर ० येते, म्हणजे पैसे द्यायचे राहिले आहेत असे समजावे.

जुन्या एक्सेलमध्ये लोक व्हीलुकअप वापरतात. त्याच्या दोन खोडी आहेत. एक म्हणजे शेवटचा शब्द फॉल्स किंवा ० दिला नाही तर ते अंदाजे जुळणारी नोंद उचलते, आणि अंदाजे हिशेब हा हिशेबच नव्हे. दुसरी म्हणजे ते ज्या रकान्यात शोधते त्याच्या उजवीकडचेच पाहते, डावीकडे मान वळवत नाही. आमच्यासारखे उर्दू शाळेत शिकलेले लोक पहिला रकाना उजवीकडे मांडतात आणि डावीकडे वाचत जातात. त्यामुळे सुरुवातीला आम्ही शीट अशी मांडली होती की व्हीलुकअपला काहीच दिसत नसे! जोडाचा रकाना सर्वांत डावीकडे ठेवला तर ही अडचण जाते. नाहीतर इंडेक्स आणि मॅच ही जोडी वापरावी. तिला डावे-उजवे सारखेच :

=इंडेक्स(ई२:ई१०००,मॅच("एम०७|११८",एफ२:एफ१०००,०))

या सर्व सूत्रांत एक मर्यादा आहे. जोड दोनदा असेल तर ती पहिलीच नोंद दाखवतात आणि दुसरी आहे हे सांगतही नाहीत. म्हणून पहिल्या रीतीने मोजल्याशिवाय दुसऱ्या रीतीवर विश्वास ठेवू नये.

नोंद असूनही सापडत नाही तेव्हा

समोर बिल दिसते आणि सूत्र म्हणते नाही, असे वारंवार घडते. कारणे बहुधा पुढीलच असतात.

पहिले कारण आपली वहीतील सवय. वहीत आपण पार्टीचे नाव एकदा लिहून खाली दोन टिंबांची खूण करतो किंवा जागा मोकळी सोडतो. डोळा ती भरून घेतो, संगणक घेत नाही. त्याच्या लेखी ती ओळ बेवारस असते. प्रत्येक ओळीत कोड लिहावा. वरचा खाना धरून खालपर्यंत निवड करावी आणि कंट्रोल व डी दाबले की तोच कोड खाली उतरतो. सुंदर दिसावे म्हणून अनेक खाने एकत्र करणारी मर्जची सोय नोंदीच्या भागात मुळीच वापरू नये. त्यात मजकूर फक्त सर्वांत वरच्या डावीकडील खान्यात राहतो, बाकीचे आतून रिकामे असतात.

दुसरे कारण मोकळी जागा. "एम०७" नंतर चुकून स्पेस पडली तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण संगणकाला तो वेगळा कोड वाटतो. ट्रिम नावाचे सूत्र पुढची-मागची जागा कापते. जोड तयार करतानाच =ट्रिम(ए२)&"|"&ट्रिम(बी२) असे लिहावे.

तिसरे कारण बिल नंबराचे रूप बदलणे. तुम्ही ००११८ लिहिता, एक्सेल पुढची शून्ये टाकून ११८ ठेवते. तुम्ही ५/१२ हा बिल नंबर लिहिता, एक्सेल त्याची तारीख करून टाकते. म्हणून माहिती भरण्यापूर्वीच बिल नंबराचा पूर्ण रकाना निवडून त्याला टेक्स्ट असे रूप द्यावे. नंतर दिले तर गेलेली शून्ये परत येत नाहीत. तसेच काही ठिकाणी ११८ हा आकडा आणि काही ठिकाणी मजकूर म्हणून असेल, तर काउंटइफ्स दोघांना एकच मानते पण मॅच मानत नाही. जोड रकान्यात दोन्ही मजकूरच होतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

चौथे कारण खास आपल्या कापड धंद्यातील. क्वालिटी लिहिताना मध्ये फुलीऐवजी तारका टाकतात. शोधाच्या भाषेत तारकेचा अर्थ "इथे काहीही चालेल" असा आहे. त्यामुळे ६०*६० शोधले तर ६० ने सुरू होऊन ६० ने संपणाऱ्या इतर क्वालिट्याही मोजल्या जातात. मध्ये इंग्रजी एक्स अक्षर लिहावे.

जीएसटीच्या मेळासाठी

या रीतीचा रोख फायदा जीएसटीत होतो. १ जानेवारी २०२२ पासून, विक्रेत्याने आपल्या विवरणात दाखवलेले आणि आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले बिल असेल तरच त्यावरील कराची वजावट मिळते. सुती ग्रे कापडाच्या १ लाख रुपयांच्या बिलावर ५ टक्क्यांनी ५,००० रुपये कर होतो. बिल २बी मध्ये आले नाही तर तेवढी वजावट अडकली.

२बी ची एक्सेल फाइल पोर्टलवरून उतरवून घ्यावी आणि आपल्या खरेदीच्या शीटशेजारी ठेवावी. दोन्हींत विक्रेत्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर यांचा जोड करावा आणि आपला प्रत्येक जोड तिकडे किती वेळा आहे ते मोजावे. जिथे ० येईल तेवढीच बिले हाताने तपासावीत. कित्येकदा विक्रेत्याने बिल दाखवलेले असते, पण आपण ११८ लिहिलेले असते आणि त्याने वर्षासहित ११८/२४-२५. रक्कम व तारीख जुळते का ते पाहून मगच विक्रेत्याला फोन करावा. न पाहता "तुम्ही बिल दाखवले नाही" असे म्हणणे म्हणजे पुन्हा आमच्या ११८ चीच गोष्ट.

वर-खालचे शेजारी

शेजार केवळ आडवा नसतो. माग मालक बंधूंसाठी एक उपयोगी गोष्ट सांगतो. समजा एच रकान्यात एच२ पासून एच३२ पर्यंत एका मागाचे ३१ दिवसांचे रोजचे मीटर लिहिले आहेत. माग सलग तीन दिवस बंद राहिला का, हे पाहायचे आहे. नुसते शून्य मोजून ते कळत नाही, कारण तीन सुट्या दिवसांची तीन शून्येही असू शकतात. त्यासाठी हद्द एकेक खाना खाली सरकवून द्यावी :

=काउंटइफ्स(एच२:एच३०,०,एच३:एच३१,०,एच४:एच३२,०)

उत्तर ० असेल तर माग सलग तीन दिवस कधीच बंद नव्हता. चार दिवस सलग बंद असेल तर उत्तर २ येते, कारण त्यात तीन-तीनचे दोन तुकडे बसतात. बंद दिवशी खान्यात ० लिहावे, तो रिकामा सोडू नये. रिकामा खाना हे सूत्र शून्य मानत नाही.

व्यापारी बंधूंनो, ही सूत्रे शिकायला एक दुपार पुरते. आम्ही पन्नाशी ओलांडल्यावर घरच्या मुलांकडून शिकलो, त्यात कमीपणा वाटला नाही. पण सूत्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट पेढीवरच्या शिस्तीची आहे. आता आमच्याकडे कोणी पैसे मागायला आले की मुलगा आधी पार्टी कोड विचारतो, मग बिल नंबर, आणि ओळ सापडल्यावर पडदा समोरच्या माणसाकडे वळवून रक्कम व तारीख वाचून दाखवतो. "अदा झाले" हा शब्द त्यानंतरच तोंडातून निघतो. चार मागांच्या मालकाला एका बिलाच्या पैशातून सूत आणायचे असते, कामगारांची मजुरी द्यायची असते. त्याला खोटे ठरवण्यापूर्वी शेजारचा खाना पाहणे एवढे तरी आपण केलेच पाहिजे.